परसातल्या पालथ्या टोपल्या

फार फार पूर्वी, जेव्हा मडक्यांनाही कान असत, तेव्हा डोंगररांगेच्या पलीकडे एक देश होता. त्या देशाला राजा नव्हता. प्रत्येक गाव आपल्यातला एक माणूस निवडून राजधानीत पाठवी. ती सगळी माणसं एका मोठ्या छपराखाली बसून भांडत आणि भांडून झालं की कायदे करत. त्या छपराला लोक सभा म्हणत.

एके दिवशी सेनापतीला या भांडणांचा कंटाळा आला. त्यानं सभेला कुलूप ठोकलं, किल्ली कमरेला लावली आणि दवंडी पिटवली, की आता देशात शांतता राहील. शांतता खरोखरच झाली. ती इतकी टिकली, की कुलूप लागलं तेव्हा पाळण्यात असलेल्या मुलांची लग्नं होऊन गेली.

मधे एकदा सेनापतीनं लोकांचा कौल घेतला होता. चावडीत जाड पडदा लावला. पडद्याआड दोन भांडी ठेवली. सेनापती हवा असेल तर पितळेच्या हंड्यात चिंचोका टाकायचा, नको असेल तर मातीच्या मडक्यात. कुणी कुठे टाकला ते कुणालाच दिसणार नाही, असं शिपायांनी शपथेवर सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. दिसत काहीच नव्हतं. पण चिंचोका हंड्यात पडला की टणकन वाजे आणि मडक्यात पडला की टपकन. भिंतीपलीकडे सेनापतीचा एक माणूस डोळे मिटून, कान देऊन बसला होता.

आपल्या गोष्टीतल्या गावात टपकन आवाज एकट्या विणकराचा आला. दुसऱ्या दिवशी शिपाई त्याला घेऊन गेले. त्याची बायको तेव्हा पोटुशी होती. तो सुटून घरी आला तेव्हा त्याची मुलगी मागावर बसायच्या वयाची झाली होती, आणि तिनं आईला विचारलं, "हे कोण?"

तेव्हापासून या गावानं दोन गोष्टी पक्क्या शिकून घेतल्या. एक, मडक्याला कान असतात. दुसरी, जे जपायचं ते अळूत पुरायचं. शिपाई झडतीला येत तेव्हा ते कणग्या उलथत, आढं चाचपत, चुलीतली राखसुद्धा भाल्यानं उकरत. पण परसदारी न्हाणीचं पाणी जिथं मुरतं, जिथं अळू माजतं, त्या चिखलात जोडे भरतील म्हणून ते कधी उतरत नसत. म्हणून गावातली प्रत्येक नथ, प्रत्येक सुरी, सणाला राखलेली तुपाची बुधली, सगळं अळूत जाई. कुणी काही दिलं की माणसाचा हात आपोआप परसदाराकडे वळायचा. ती सवयच होऊन बसली होती.

मग एका सकाळी सेनापती देशातून निघून गेला. का गेला याची दहा जण दहा कारणं सांगतात. माझ्या कानावर आलेलं एवढंच, की शेवटी शिपायांनाच त्याचा कंटाळा आला. जाताना तो सभेची किल्लीही घेऊन गेला, म्हणून लोकांनी कुलूप फोडलं. आत जाळीजळमटं होती आणि बाकं वाळवीनं खाल्लेली होती. तरी गावोगाव दवंडी गेली: सभा पुन्हा भरणार, आपापला माणूस निवडा.

तुम्हाला वाटेल, गावानं गुढ्या उभारल्या असतील. गावानं दारं लावून घेतली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि या गावाचं तर तोंडच काय, घसाही पोळला होता.

*

राजधानीहून एक अधिकारी आला. त्याच्याबरोबर खेचर होतं, खेचरावर दोन मडकी होती आणि एक पिशवी. मडकी एकाच चाकावरची, एकाच मापाची. दोन्हींना आतून सावरीच्या कापसाचा जाड थर दिलेला. एकावर कोयरी रंगवली होती, दुसऱ्यावर मासा. पिशवीत टपोरं, निळसर बी होतं. ते समुद्रापलीकडच्या कुठल्याशा वेलाचं होतं. या देशात तो वेल कुठंच नव्हता, त्यामुळे घरून आणून कुणी जास्तीचं बी टाकील, ही भीती नव्हती.

अधिकाऱ्यानं चावडीत बसून सगळं समजावून सांगितलं. "बी मऊ, मडक्यात कापूस. आता टण नाही की टप नाही. कुणाला काही ऐकू जाणार नाही."

लोकांनी मान डोलावली आणि घरी जाताना ते आपसांत बोलू लागले.

"आवाज होणार नाही म्हणतो," तेली म्हणाला. "मग बी पडलं, हे आपल्याला कळणार कसं?"

"आवाज झाला तरी तुम्हाला भीती, नाही झाला तरी भीती," तेलीण म्हणाली.

"कापसाखाली काय आहे ते बघितलंस का तू?"

तेलिणीनं ते बघितलं नव्हतं. घर येईपर्यंत ती कापसाचाच विचार करत राहिली.

गावातून दोघं उभे होते. मासा होता विणकराचा. कोयरी होती कोठीवाल्याची. सेनापतीच्या काळात गावच्या धान्यकोठाराची किल्ली या कोठीवाल्याकडे असे. दुष्काळात कुणाला आधी धान्य द्यायचं, कुणाला खडे मिसळून द्यायचं आणि कुणाला "उद्या या" म्हणायचं, हे तो ठरवी. सेनापती गेल्यावर लोकांनी किल्ली त्याच्याकडून काढून चावडीत टांगली होती. आता जो सभेवर निवडून जाईल, त्याच्या हाती ती किल्ली जाणार होती. साऱ्या गावाला किल्ली विणकराकडे जायला हवी होती. घरातली चूलसुद्धा हे सांगू शकली असती.

मडक्यांवर पहारा कुणाचा, हा प्रश्न निघाला तेव्हा लोकांनी सुईणीचं नाव घेतलं. गावातल्या बहुतेकांना या जगातला पहिला हात तिचाच लागला होता. सारा गाव तिला आत्या म्हणे. विणकराच्या बायकोचं बाळंतपणही तिनंच केलं होतं, शिपायांना भिऊन दुसरं कुणी त्या दारात पाऊल टाकत नव्हतं तेव्हा.

आता कोठीवाल्याला माहीत होतं, की आपल्याला मतं मिळणार नाहीत. तो काही मूर्ख नव्हता. त्यानं कुणाला धमकावलं नाही, जेवण घातलं नाही, आण घातली नाही. तो फक्त गावभर फिरला आणि विचारत राहिला.

तेल्याच्या घाण्याशी तो म्हणाला, "मी काही म्हणत नाही बुवा, नुसतं विचारतो. मागच्या वेळीही शपथ घेतलीच होती ना शिपायांनी?"

लोहाराच्या भात्याशी तो म्हणाला, "मी काही म्हणत नाही, नुसतं विचारतो. आत्याचा जावई राजधानीत असतो म्हणे?"

पाणवठ्यावर तो लांब उभा राहून म्हणाला, "आया-बायांनो, सेनापती गेला खरा, पण गेला तो कुठं? परत आला तर आधी काय उघडून बघेल? मी आपलं नुसतं विचारतो."

उत्तरासाठी तो थांबत नसे. संशय दुसऱ्यानं दिला तर माणूस एकदा तपासून बघतो. स्वतःच्या डोक्यात उगवला तर त्याला खतपाणी घालतो. प्रत्येकाला वाटलं, हे आपल्यालाच सुचलं. आणि प्रत्येकानं मनाशी एकच ठरवलं: ही निवडणूक खरी नाही, ही आपली परीक्षा आहे. खरी होईल तेव्हा बी टाकू. तोवर ते जपून ठेवू. आपण एकट्यानं नाही टाकलं म्हणून काय बिघडतं, बाकीचे टाकतीलच.

*

मतदानाच्या दिवशी गाव नटूनथटून आलं. आत्या दारात बसून एकेकाच्या हातावर बी ठेवत होती. माणूस मूठ मिटून पडद्याआड जाई, मडक्यात हात घाली आणि मूठ मिटूनच बाहेर येई. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. त्या दिवशी चावडीच्या पायऱ्या अशा किती सव्वा लाखांनी उतरल्या, ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण जो तो आपलीच मूठ सांभाळत होता.

विणकर आला. आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. लोकांनी वाट करून दिली आणि म्हटलं, "दादा, काळजी करू नका. सगळं गाव तुमच्या पाठीशी आहे."

संध्याकाळी आत्यानं मडक्यांच्या तोंडाला फडकी बांधली, अधिकाऱ्यानं त्यांवर लाख ओतली. मडकी आतल्या कोनाड्यात ठेवायला आत्यानं उचलली. माशाचं मडकं तिला हलकं लागलं. बी हलकंच आहे, कापसासारखं, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि दाराशी आडवी झाली.

सकाळी सगळ्यांसमोर लाख फोडली. कोयरीचं मडकं चादरीवर उपडं केलं. त्यातून कोठीवाल्याचे भाऊ, भाचे, गडी, हमाल यांची बियं पडली. लहानसा ढीग झाला. मग माशाचं मडकं उपडं केलं. कापूस पडला. कापसातून थोडी बियं गडगडत आली आणि चादरीच्या सुरकुतीत थांबली. अधिकाऱ्यानं मडकं हलवलं, आत हात घालून पाहिलं. आणखी काही नव्हतं. दोन्ही मिळून गावातल्या एका आळीचीसुद्धा मतं भरली नसती.

प्रत्येकजण मनात म्हणत होता, माझं एक नाही हे खरं, पण बाकीच्यांची गेली कुठं?

मग मागून लोहार बोलला. "चोरी झालीय."

"मडक्यांपाशी कोण होतं?" दुसऱ्यानं विचारलं.

सगळ्या माना आत्याकडे वळल्या.

"लाख तुमच्यादेखत फोडली," आत्या म्हणाली. "मी हात लावला नाही."

"हिचा जावई राजधानीत असतो," तेली म्हणाला.

आणि गंमत बघा. आत्याच्या बाजूनं उभा राहिला तो एकटा कोठीवाला. "आत्यानं काही केलेलं नाही," तो हात जोडून म्हणाला. "मडक्यांना कुणीही हात लावलेला नाही, मी सांगतो." तो बोलला ते अक्षर न् अक्षर खरं होतं. पण खोटारड्याच्या तोंडून खरं बाहेर पडलं की त्याचंही खोटं होतं. लोक म्हणाले, हा तिची बाजू घेतो म्हणजे दोघांचं आधीपासून साटंलोटं आहे.

अधिकाऱ्यानं कायदा सांगितला. हरलेल्यानं चोरीची तक्रार केली, तर ही निवड रद्द होऊन पुन्हा मतदान होईल. पण मग राखणदार चोर ठरेल, आणि लोकांची मडकी फोडणाऱ्याला देशात जागा नाही. त्याला घाट उतरून कायमचं जावं लागेल. "येत्या बाजारच्या दिवशी मी परत येतो," तो विणकराला म्हणाला. "तोवर विचार करा."

"विचार कसला करायचाय?" लोक म्हणाले. "दादा तक्रार करणारच."

*

ते दिवस आत्याला फार जड गेले. तिच्या दारावरून जाणारे समोर बघून जात. लोहाराच्या सुनेला कळा सुरू झाल्या, तेव्हा लोहारानं गाडी जुंपून शेजारच्या गावातून सुईण आणली. आत्या ओट्यावर बसून गाडीची चाकं ऐकत राहिली. तिला घाट उतरायची भीती नव्हती. पण ज्यांचं पहिलं रडणं तिनं ऐकलं होतं, ती माणसं आता तिच्या सावलीला बिचकत होती, आणि हे तिला सहन होत नव्हतं.

इकडे गावात निराळीच गोष्ट घडत होती. न्हाणीचं पाणी रोज मुरत होतं. माती मऊ होती. अळूच्या सावलीत पुरलेलं बी फुगलं, फुटलं आणि एका सकाळी वर आलं. कोवळा, वाकडा कोंब, आणि त्याच्या डोक्यावर बियाचं निळं टरफल टोपीसारखं बसलेलं. दुरूनही ओळखू यावं असं.

तेलिणीनं परसात पाऊल टाकलं आणि ती जागीच थबकली. उपटून टाकावं तर हात होईना, शेवटी मत ते मत. ठेवावं तर कुंपणापलीकडून शेजारीण बघेल. तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि शेणाची टोपली त्यावर पालथी घातली. आपलं ठेवायचं झाकून, ही म्हण तिला शिकवावी लागली नाही.

विणकरही आपल्या परसात टोपली घेऊन वाकला होता. मागून बायकोचा आवाज आला.

"काय दडवताय?"

तो उठला नाही. तिनं टोपली उचलली, खाली पाहिलं आणि टोपली तशीच हातात धरून उभी राहिली.

"तुम्ही स्वतःलाच मत दिलं नाहीत?"

"मडक्यात हात घातला होता मी," विणकर म्हणाला. "मूठच उघडेना. वाटलं, भिंतीमागं कुणीतरी बसलंय. पुन्हा नेतील. पोरीचं लग्न व्हायचंय अजून."

"मी टाकलं," बायको म्हणाली. "मलाही भीती वाटली. पण म्हटलं, ज्यापायी आमची इतकी वर्षं गेली, ते हातात आलंय आणि मी घरी घेऊन जाऊ? कशाला? भाजी करायला?"

विणकर कोंबाभोवतीची माती दाबत राहिला.

"आणि उद्या तुम्ही तक्रार करणार," ती म्हणाली. "त्या बाईनं माझी पोर या हातांवर झेलली. तुम्ही तिला घाट दाखवणार."

"तक्रार नाही केली तर कोठाराची किल्ली कुणाकडे जाते, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे. आपल्याला 'उद्या या' म्हणणाऱ्याकडे." तिनं टोपली खाली ठेवली, पण कोंबावर नाही, बाजूला. मग ती मागावर जाऊन बसली. बराच वेळ धोट्याचा आवाज आला नाही.

विणकर आत्याला भेटायला निघाला. पुढच्या रस्त्यानं जायची त्याला लाज वाटली, म्हणून तो मागच्या पायवाटेनं, घरांच्या परसांमधून निघाला. तेल्याच्या अळूत टोपली पालथी होती. लोहाराच्या अळूत घमेलं पालथं होतं. त्याच्या पुढच्या घरी सूप, त्यापुढे फुटक्या रांजणाचं बूड. एका घरी तर जोडीनं दोन टोपल्या, नवऱ्याची एक आणि बायकोची एक, बहुधा एकमेकांना न सांगता घातलेल्या. चालता चालता त्याला हसू आलं. आळी संपेपर्यंत ते ओसरलं. साऱ्या गावानं काखेत कळसा धरला होता आणि वळसा मात्र एका म्हातारीला घालायला लावला होता.

आत्याच्या परसात नुसतं अळू होतं.

ती गाठोडं बांधत होती. "ये रे," ती म्हणाली. "तुलाही वाटतं का, मी चोरली म्हणून?"

विणकरानं मान खाली घातली.

"खरं सांगू?" आत्या म्हणाली. "मडकं उचललं तेव्हाच हलकं लागलं होतं. तेव्हाच ओरडायला हवं होतं, की अरे, हे काय झालं? साऱ्या गावानं नको तिथं संशय घेतला आणि हवा तिथं मी घेतला नाही. माझी चूक तेवढीच."

"आत्या, उद्या चावडीवर या," विणकर म्हणाला. "गाठोडं आणू नका."

*

बाजारच्या दिवशी चावडी भरली. अधिकारी बसला. त्याच्यापुढे किल्ली होती. कोठीवाला हात जोडून एका बाजूला आणि आत्या खांबाला टेकून दुसऱ्या बाजूला.

"विणकर, तक्रार आहे?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"आहे म्हणा, दादा," लोक कुजबुजले. "नुसतं आहे म्हणा. पुन्हा मतं पडू देत, मग बघा."

विणकरानं खांद्यावरचं उपरणं सोडलं. त्यात नारळाची करवंटी होती. करवंटीत चिखल, चिखलात कोंब, आणि कोंबाच्या डोक्यावर निळं टरफल. त्यानं ती करवंटी किल्लीशेजारी ठेवली.

"हे माझं मत," तो म्हणाला. "कुणी चोरलेलं नाही. मी भिऊन घरी नेलं होतं. आत्यानं काही केलेलं नाही."

"दादा, काय करताय?" लोहार पुढे आला. "किल्ली जाईल. खडे खायचेत का पुन्हा?"

विणकर त्याच्याकडे वळला. त्याचा आवाज चढला नाही. "मी काल तुमच्या सगळ्यांच्या परसांतून चालत आलो," तो म्हणाला. "मला आणखी बोलायला लावू नका."

लोहारानं खाली पाहिलं. मग तेलीण उठली आणि घराकडे गेली. आता ही परत येत नाही, असं सगळ्यांना वाटलं. ती आली. तिच्या ओंजळीत चिखल होता. तिनं तो करवंटीशेजारी ठेवला आणि आत्यापुढे उभी राहिली, पण तिच्याकडे बघायचं धाडस तिला झालं नाही.

मग एकेकजण उठू लागला. कुणी द्रोणात आणलं, कुणी पदरात, कुणी पागोट्यात. चावडीच्या फरशीवर निळ्या टोप्या घातलेल्या कोंबांची दाटी झाली. तो गावचा कौल होता, आणि बहुतेक सगळा माशाचा होता. पण तो मडक्याबाहेर होता.

"साहेब, आता हे धरा ना मोजणीत," तेली गयावया करत म्हणाला.

अधिकाऱ्यानं त्या कोंबांवरून नजर फिरवली. तो वाईट माणूस नव्हता. "मडक्यात पडलं तेवढंच मत," तो म्हणाला. "घरी राखलं त्याला झाड म्हणतात."

त्यानं किल्ली उचलून कोठीवाल्याच्या हाती दिली.

"मी तर म्हणतच होतो," कोठीवाला म्हणाला, "की चोरी झालेली नाही." तो खरंच तसं म्हणाला होता. सगळ्यांना तेच सर्वांत झोंबलं.

*

पुढची वर्षं कशी गेली, ते सांगायला नको. कोठारापुढे रांगा लागल्या. कुणाला आधी मिळालं, कुणाला खडे मिळाले, कुणाला "उद्या या" ऐकावं लागलं. सेनापतीच्या वेळी लोक निदान म्हणू तरी शकत, की आमच्यावर लादलं. आता तेही म्हणता येत नव्हतं. सकाळी न्हाणीशी गेलं की अळूच्या कडेनं कुंपणावर चढलेला तो वेल दिसायचा. कोंब चावडीतून परत नेऊन लोकांनी पुन्हा परसात लावले होते. कुणीच तो उपटला नाही. त्याला निळी फुलं येत. मुलं विचारत, हा कसला वेल? आईबाप म्हणत, मोठे झालात की सांगू.

लोहाराच्या धाकट्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा लोहार स्वतः आत्याच्या दारी आला. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आत्यानं चटकन चप्पल घातली. "चल," ती म्हणाली. "तुझी आईही अशीच ऐनवेळी बोलवायची."

कोठीवाल्याची सभेवरची मुदत संपली. पुन्हा दवंडी झाली. पुन्हा खेचर आलं, पुन्हा दोन मडकी आली, तीच कोयरी आणि तोच मासा. बी मात्र या वेळी निराळं होतं, लाल, कारण निळ्याची आता गावात घरोघर शेती होती.

कोठीवाला पुन्हा फिरू लागला. घाण्याशी थांबून तो म्हणाला, "मी काही म्हणत नाही, नुसतं विचारतो. त्या कापसाखाली काय असेल?"

"चला, अण्णा," तेलीण हात पुसत उठली. "दोघं मिळून बघू."

आणि ती त्याला खरोखरच चावडीत घेऊन गेली. सगळ्यांसमोर कापूस बाहेर काढला, मडकी उन्हात धरून आतून पाहिली, बोटानं वाजवली, कापूस पुन्हा भरला. भिंतीपलीकडे कुणी बसलंय का, म्हणून लोक भिंतीला फेरी घालून आले आणि तिथं आपलाच एक माणूस बसवून ठेवला. गावचा संशय कमी झाला नव्हता. खरं सांगायचं तर वाढलाच होता. फक्त आता तो अळूत लपत नव्हता, चावडीत येऊन बसत होता. मोजणी होईपर्यंत लोक मडक्यांभोवती बसून राहिले. त्यांत कोठीवाल्याची माणसंही होती. दोन्हीकडचे एकमेकांवर डोळा ठेवून होते आणि एकमेकांची भाकरी खात होते.

मतं देऊन चावडीची पायरी उतरताना त्या दिवशी लोकांनी एक नवीन रीत पाडली. ती त्या गावात अजून आहे म्हणतात. पडद्याबाहेर येणारा माणूस दोन्ही हात पुढे करून तळवे उघडे दाखवतो. विणकराचे तळवेही या वेळी उघडे होते.

संध्याकाळी लाख ओतून झाली. मडकी कोनाड्यात ठेवायची होती. आत्या आता खूप थकली होती, तरी लोकांनी तो मान तिलाच दिला. तिनं माशाच्या मडक्याला दोन्ही हात घातले आणि उचलायला गेली.

मडकं जागचं हललं नाही.

आत्या तशीच वाकून राहिली. मग तिनं मान वर केली आणि लोहाराला म्हणाली, "ये रे बाबा, हात लाव. मला एकटीला उचलवत नाही." आणि पदर डोळ्यांना लावून ती हसू लागली.

तात्पर्य: संशयाला दाराशी पहाऱ्याला बसवावं, पण आपलं मत त्याच्याकडे राखायला देऊ नये.